सहावं नाव

सोलापूर, ९ जानेवारी १९७८

अप्पा,

हे पत्र घरचं आहे, पण त्यातला विषय ऑफिसचा आहे. निदान तेवढ्यासाठी पूर्ण वाचावं.

आमच्या जिल्हा सांख्यिकी कार्यालयातर्फे तेलघाण्यांची पाहणी होणार आहे. दक्षिण सोलापूर तालुक्यात आमच्या यादीप्रमाणे बेचाळीस घाण्या आहेत. त्यांतली तीन घरं निवडायची होती. ही निवड कुणाच्या मर्जीने होत नाही. त्यासाठी नुसते आकडे छापलेलं एक पुस्तक असतं आणि त्या आकड्यांना कसलाही क्रम नसतो. न बघता पान उघडायचं आणि ठरलेल्या ओळीपासून वाचत जायचं. शनिवारी मी ते केलं. पहिला आकडा सहा आला, दुसरा सतरा, तिसरा एकोणतीस. यादीत एकोणतिसावं नाव होतं: सोमलिंग, मंद्रूप, बैलाची लाकडी घाणी.

पुन्हा पान उघडावं असं एकदा मनात आलं. उघडलं नाही.

येत्या पंधरवड्यात आमचे कुंडलिकराव फॉर्म घेऊन येतील. पन्नाशीचे आहेत, पांढरी टोपी, सायकल. गावोगाव जाऊन फॉर्म भरण्याचं काम ते वीस वर्षं करत आहेत. मी येणार नाही. नात्यातल्या घराचा फॉर्म भरायचा नाही, तपासायचा नाही आणि तो भरला जात असताना त्या खोलीत बसायचंही नाही, असा आम्हाला नियम आहे. आपलं नातं उरलं आहे की नाही याबद्दल तुमचं मत मला माहीत आहे. ऑफिसच्या कागदावर मात्र ते आहे.

हे सगळं कशासाठी, असं तुम्ही विचाराल. एका वर्षात सोलापूर जिल्ह्यात एकूण किती उत्पन्न निर्माण झालं, याचा एक आकडा काढायचा आहे. पद्धत दिल्लीहून येते, राज्याची बेरीज मुंबईत होते आणि जिल्ह्याचं आम्ही बघतो. पिकांचे आकडे महसूल खात्याकडून मिळतात. गिरण्या आणि साखर कारखाने वर्षाला पत्रक भरतात. रेल्वेचं आणि पोस्टाचं वरूनच वाटून येतं. पण घाणी, हातमाग, विड्या, चपला, मडकी यांचं पत्रक कुणी भरत नाही. ते काम घरात चालतं, म्हणून घरी जाऊन विचारावं लागतं. सगळ्यांना विचारायला माणसं नाहीत, म्हणून थोड्यांना विचारायचं. बेचाळिसांपैकी तीन म्हणजे एका घरामागे चौदा. तुम्ही उत्तर द्याल ते चौदा घाण्यांच्या वतीने असेल. बाकीच्या तेरा जणांना हे कधी कळणारही नाही.

अडीच वर्षांपूर्वी अक्कलकोटच्या पाहुण्यांसमोर मी लग्नाला नाही म्हटलं आणि या नोकरीचा कागद दाखवला. तेव्हा तुम्ही सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, “आजपासनं ही ह्या घरची न्हाय.” त्यानंतर मी अकरा पत्रं पाठवली. हे बारावं. याला उत्तर यावं म्हणून लिहीत नाही.

फॉर्मला मात्र उत्तर द्यावं.

महानंदा

सोलापूर, २५ जानेवारी १९७८

अप्पा,

कुंडलिकराव सोमवारी मंद्रूपला आले होते. फॉर्म कोरा परत आला आहे. तिथे काय झालं ते त्यांनी मला सांगितलं, ते मी जसंच्या तसं खाली लिहिते. ऐकीव माहिती ज्याची त्याला दाखवून पक्की करून घ्यायची ही आमची रीत आहे. कुठे चूक असेल तर दुरुस्त करून पाठवावं.

कुंडलिकरावांनी विचारलं, “मालक, घरात माणसं किती?”

तुम्ही म्हणालात, “सहा.”

“नावं सांगा.”

“मी सोमलिंग. ही बसव्वा. पोरगा निंगप्पा. सून दाक्षायणी. त्येंची बारकी. आन् महानंदा.”

“महानंदा कुटं असतात?”

“सोलापुरात. सरकारात हाय.”

“किती दिस झालं?”

“झाली की दोन-अडीच वर्सं.”

“मग त्या ह्या घरात धरता येत न्हाईत.”

“का? मेली का ती?”

“तसं न्हवं, मालक. सहा म्हैन्याच्या वर जो भाईर ऱ्हातो, त्येला घरात धरायचं न्हाय, असा नियम हाय.”

“भाऊ, पोरगी माझी का तुमची?”

“तुमची की.”

“मग लिवा.”

“लिवता येत न्हाय.”

“मग उठा. आदी तिचं नाव, मग पेंडीचा भाव.”

यानंतर तुम्ही बैल जुंपायला निघून गेलात, असं ते सांगतात. अव्वाने त्यांना ताक दिलं. ते चांगलं होतं, असंही त्यांनी सांगितलं, पण ते पाहणीत येत नाही.

कुंडलिकराव ऑफिसात आले, टोपी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “बाई, तुमचा बाप लई खट हाय. पण मला आवडला.” मी फॉर्म मागच्या बाजूनेच बघितला. पुढची बाजू बघायची मला परवानगी नाही, जरी ती कोरी असली तरी. त्या दुपारी माझं काम नीट झालं नाही. दोन बेरजा चुकल्या.

आता मला लिहायचं आहे ते असं. नियम कुंडलिकरावांचा बरोबर आहे. ज्या घरात माणूस जेवतो-राहतो, त्याच घरात तो मोजायचा. तसं केलं नाही तर बाहेरगावी गेलेला प्रत्येक मुलगा दोनदा मोजला जाईल, एकदा आईकडे आणि एकदा खानावळीत. मी घरमालकीण मथुराबाईंच्या मागच्या खोलीत राहते आणि पंपाच्या स्टोव्हवर वेगळं शिजवते. त्यामुळे नियमाने माझं एकटीचं कुटुंब होतं आणि त्या कुटुंबाची प्रमुख मीच. गेल्या वर्षी दुसऱ्या एका पाहणीत माझी तशी नोंदही झाली आहे.

तेव्हा माझं नाव कमी करावं आणि बाकीची माहिती द्यावी, ही विनंती. हे वाक्य मी चार वेळा लिहिलं. चारही वेळा असंच झालं.

महानंदा

सोलापूर, २७ जानेवारी १९७८

अप्पा,

परवाच्या पत्रात दुरुस्ती. दोन नव्हे, तीन बेरजा चुकल्या होत्या. तिसरी आज सापडली.

महानंदा

सोलापूर, १४ फेब्रुवारी १९७८

अप्पा,

कुंडलिकराव दुसऱ्यांदा येऊन गेले. फॉर्म याही वेळेला कोराच. यावेळी तुम्ही त्यांना जेवू घातलंत. माझ्या माहितीप्रमाणे ज्वारीची भाकरी, बाजरीची नाही, शेंगाची चटणी, वांग्याची भाजी आणि वर करडईच्या कच्च्या तेलाची धार. ते तीन दिवस हेच सांगत आहेत. फॉर्म भरायला गेलेल्या अन्वेषकाने लोकांच्या घरी जेवू नये, असं मी त्यांना म्हटलं. ते म्हणाले, “बाई, ताटावरनं उठलो असतो तर तुमच्या अव्वानं सायकल लपिवली असती.”

जेवताना तुम्ही त्यांना विचारलंत, “तिला बसायला खुर्ची हाय का?” त्यांनी आहे म्हणून सांगितलं. “हात टेकायची का बिनहाताची?” त्यांनी हाताची आहे म्हणून सांगितलं. ते खरं नाही. खुर्ची बिनहाताची आहे. खुर्ची आहे म्हटल्यावर तुम्ही खूश झालात, म्हणून त्यांनी तसं सांगून टाकलं. चुकीची माहिती तुमच्याकडे राहू नये म्हणून कळवते.

दुसरी गोष्ट. गेल्या गुरुवारी मंद्रूपचे हरिबा माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. हातात बांधाच्या भांडणाचा अर्ज होता आणि त्याला तिकीट लावलेलं होतं. मी म्हटलं, हे ऑफिस त्याचं नाही. तर ते म्हणाले, “आसं कसं? सोमलिंग बाजारात समद्यास्नी सांगतोय की, माझी पोरगी जिल्ह्याचा हिशेब बघती, कलेक्टर बी तिला विचारून सही करतो.” मी विचारलं, हे ते कधीपासून सांगतात? हरिबांनी जरा आठवून सांगितलं, “दोन वर्सं झाली की.”

अप्पा, या दोन वर्षांत मी अकरा पत्रं पाठवली होती.

हरिबांना मी तहसील कचेरीचा रस्ता दाखवला. कलेक्टर साहेब मला विचारून सही करत नाहीत. त्यांनी मला पाहिलेलंही नाही.

आता कामाचं. कुंडलिकराव म्हणतात, फॉर्म भरत नसलात तरी तोंडाने तुम्ही खूप सांगता. “पस्तीस हजाराचा धंदा हाय आपला,” हे तुम्ही ओसरीवरून रस्त्याला ऐकू जाईल असं सांगितलंत. तो आकडा मी घेणार नाही आणि कुणी घेऊही नये. पण त्यातली चूक सांगते, कारण ती सगळेच धंदेवाले करतात.

समजा, तुम्ही शंभर रुपयांची करडई घेतली. तेल आणि पेंड मिळून एकशे अठराला विकली. बैलाची वैरण आणि घाणीची दुरुस्ती दोन रुपये. मग तुमच्या घाणीने जिल्ह्यात भर घातली ती एकशे अठराची नव्हे, सोळाची. कारण ते शंभर रुपये शेतकऱ्याच्या पिकात आम्ही आधीच मोजले आहेत. तुमच्याकडे ते पुन्हा धरले, उद्या तेल घेणाऱ्या भजीवाल्याकडे तिसऱ्यांदा धरले, तर जिल्हा कागदावरच श्रीमंत होईल. प्रत्येकाची फक्त भर घ्यायची. सगळ्यांची भर मिळून जिल्हा होतो.

कुंडलिकरावांनी हे तुम्हाला समजावलं, तर तुम्ही म्हणालात म्हणे, “मंजे मी सोळा रुप्याचा माणूस?” आणि आतून अव्वा म्हणाली, “त्यातलं आठ माझं. बी कोण पाखडतंय? पेंड कोण फोडतंय? लिवा की हो, भाऊ.” तुम्ही म्हणालात, “बायकांचं काय लिवायचं?” फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना आहे, अप्पा. ‘घरातले बिनपगारी काम करणारे.’ त्यात अव्वाचं नाव यायला हवं. मी लहान असल्यापासून तिला कामाशिवाय बसलेलं पाहिलेलं नाही, आणि आजवर कुठल्याही सरकारी कागदावर तिच्या नावापुढे ‘घरकाम’ याखेरीज काही लिहिलेलं नाही.

आमचे साहेब म्हणाले, “हे घर सोडून द्या, यादीतलं पुढचं घ्या.” मी विरोध केला. सोपं घर घ्यायचं असेल तर निवड कशाला करायची? यादीतलं तिसावं घर मी तपासलं. तिथली घाणी दोन वर्षं बंद आहे. तुमच्या जागी ते धरलं तर चौदा चालत्या घाण्या एका फटक्यात बंद होतील, निदान आमच्या कागदावर. वीस मार्चला आकडे मुंबईला जायचे आहेत. तोवर तुमचा फॉर्म आला नाही तर शेजारच्या जिल्ह्याची सरासरी लावतील. तिथे इंजिनावर चालणाऱ्या घाण्या आहेत. बैल नाहीत, अव्वा नाही.

तेव्हा पुन्हा विनंती. पाच नावं सांगावीत. सहाव्याचा आग्रह धरू नये.

आग्रह धरलात हे मला वाईट वाटलं, असा याचा अर्थ घेऊ नये.

महानंदा

सोलापूर, ३ मार्च १९७८

अप्पा,

गेल्या गुरुवारपासून माझ्या टेबलावर एक कागद आहे. तो कुंडलिकरावांनी ठेवला, त्यावर ऑफिसचा गोल शिक्का मारला आणि आवक रजिस्टरला नंबरही घेतला. मजकूर असा: ‘प्रश्न. कु. महानंदा यांचा सदर कुटुंबात राहण्याचा इरादा आहे काय? होय अथवा नाही.’

हा प्रश्न कुठून आला ते त्यांनी सांगितलं. तिसऱ्या खेपेला ते सूचनांची पुस्तिकाच घेऊन आले. ‘छापलेलं दावतो, मग तरी पटंल,’ असा त्यांचा विचार. अकराव्या पानावरचा नियम त्यांनी तुम्हाला वाचून दाखवला. जो सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहतो त्याला धरू नये, इथवर ते वाचायचे आणि थांबायचे. वीस वर्षं ते तिथेच थांबत आले आहेत. तुम्ही म्हणालात, “थांबा. वळ संपली न्हाय. फुडं काय लिवलंय?” पुढे लिहिलं आहे, ‘मात्र पुढे सहा महिने किंवा अधिक काळ राहण्याच्या इराद्याने जो घरात आला आहे, त्याला धरावे.’

हे वाक्य तुम्ही तीनदा वाचायला लावलंत. मग म्हणालात, “आसं हाय तर. मग मला काय इचारता? तिला इचारा, इरादा हाय का न्हाय.”

पावतीची प्रत्येक ओळ वाचल्याशिवाय तुम्ही माल उतरवून घेत नाही हे मला माहीत होतं. ही पुस्तिका मी पाठ केलेली आहे. तरी त्या वाक्याकडे मी कधी स्वतःच्या बाजूने पाहिलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. ते सायकलवर बसताना तुम्ही मागून आलात आणि हळू आवाजात म्हणालात, “सकाळी आठ धाची यष्टी हाय. साडेनवाच्या आत सोलापुरात टाकती. संध्याकाळी साडेपाचची, पावणेसाताला हितं. मी चार दिस स्टँडावर उभं ऱ्हाऊन बघितलंय. दोन दिस येळेवर आली, एक दिस धा मिनिटं उशीर, एक दिस आलीच न्हाय.”

चार दिवसांची नोंद पुरेशी नसते. पण पद्धत बरोबर आहे.

हा कागद आठ दिवस पेपरवेटखाली आहे. ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे. साहेब जाता-येता तिकडे बघतात. मी उत्तर दिलेलं नाही, कारण इरादा लिहून दिला आणि मग राहिले नाही, तर ती खोटी नोंद होईल. मी खोटी नोंद करत नाही. म्हणून आधी विचारून घेते.

नोकरी चालू राहील. उद्या बदली झाली तर मी जाईन आणि त्या दिवशी ओसरीवर कुणी पाहुणे बसलेले नसतील. लग्नाचा विषय मी काढीन तेव्हाच निघेल. मी काढला नाही, तर निघणार नाही. माझी पुस्तकं धान्याच्या खोलीत राहतील आणि त्यावर पेंडीची पोती ठेवली जाणार नाहीत. अव्वाचं नाव काम करणाऱ्यांत लिहिलं जाईल. कलेक्टर मला विचारून सही करतो, असं बाजारात सांगायचं बंद होईल. पगारातले निम्मे पैसे मी अव्वाच्या हातात देईन, तुमच्या नाही.

आणि शेवटचं. तुम्ही तेव्हा जे बोललात ते मागे घेतलंत की नाही, हे कुठल्याच फॉर्ममध्ये विचारलेलं नाही. कुंडलिकराव ते विचारू शकत नाहीत. म्हणून मी विचारते. नाव लिहा म्हणून तुम्ही सरकारी माणसाशी महिनाभर भांडलात, हे मला कळलं. पण ते त्याला सांगितलंत. त्या दिवशीचं वाक्य माझ्याविषयी होतं आणि मी तिथे उभी होते.

उत्तर मला यावं. कुंडलिकरावांच्या हाती नको, पोस्टाने. पत्ता वरती आहे. गेल्या पंधरा पत्रांवरही तोच आहे.

महानंदा

सोलापूर, ११ मार्च १९७८

अप्पा,

हे पत्र निंगप्पाच्या हाती देत आहे. तो करडईच्या भावासाठी मार्केटला आला होता, तसाच ऑफिसात आला. त्याने मला आधी खुर्ची दाखवायला सांगितली, बघितली आणि म्हणाला, “अक्का, हिला हात न्हाईत की गं.” मी म्हटलं, मी लेखी कळवलं होतं. तो आज रात्री घरी पोचेल, मी उद्या संध्याकाळी. एका दिवसाच्या अंतराने येणाऱ्या माणसाने पत्र कशाला पाठवावं, असं तो म्हणाला. काही गोष्टी मला समोरासमोर सांगता येणार नाहीत, एवढंच त्याचं कारण.

तुमचं कार्ड बुधवारी मिळालं. त्यावर सात शब्द आहेत. ‘तवा बोललो ते खोडलं. अटी मान्य. ये.’ पोस्टाचा शिक्का सहा तारखेचा आहे, म्हणजे माझं पत्र मिळाल्यावर तुम्ही एक दिवसही मध्ये जाऊ दिला नाही. हे मी शिक्क्यावरून काढलं.

कार्ड आलं तेव्हा मी विड्यांचा तक्ता करत होते. तो मी पुरा केला, पुन्हा तपासला, बरोबर होता. मग कुंडलिकरावांच्या कागदावर ‘होय’ लिहिलं, सही केली, तारीख घातली. त्यांनी तो सगळ्या ऑफिसला दाखवला आणि सगळ्यांना चहा सांगितला. बिल माझ्या नावावर लावलं. बावीस कप झाले. ऑफिसात माणसं सोळा आहेत. बाकीचे सहा कुणी प्यायले याची चौकशी मी केली नाही.

साहेबांकडे मात्र मी स्वतः गेले, कारण मला एक शंका होती. ज्या घराची पाहणी करायची ते घर पाहणीमुळेच बदललं, तर ते योग्य का? साहेब चष्मा काढून म्हणाले, “बाई, आपण माणसं मोजायची असतात, हलवायची नसतात.”

मी म्हटलं, “होय सर. तसा शेरा लिहा आणि हे घर ठेवायचं का ते ठरवा.”

त्यांनी पुस्तिकेचं अकरावं पान काढलं, वाचलं आणि विचारलं, “खरंच राहणार आहात? का फॉर्मपुरतं?”

“खरंच.”

“मग घर ठेवायचं. घाणीचे आकडे गेल्या वर्षाचे आहेत, ते तुमच्या येण्याने बदलत नाहीत. माणसं मात्र फॉर्म भरायच्या दिवशी असतील तेवढी.” मग त्यांनी शेऱ्यात लिहिलं, ‘कुटुंबातील एक सदस्य परत येत आहे.’ एवढंच. तुमचा फॉर्म ते स्वतः तपासणार आहेत. मी तो बघणार नाही. बेरीज झाल्यावर बेचाळीस घाण्यांचा आकडा तेवढा मला दिसेल. त्यात तुम्ही कुठे आहात हे मलाही ओळखता येणार नाही, आणि तसंच असलं पाहिजे.

मथुराबाईंना खोली सोडते म्हणून सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “ते मला परवाच कळलं. स्टोव्हला पिन मारताना तुम्ही गात होता.” मी गात नव्हते, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “बरं, स्टोव्ह गात होता.” अनामत त्यांनी पूर्ण परत केली आणि वर लिंबाच्या लोणच्याची बरणी दिली. या बाईंबद्दल मी तुम्हाला आजवर नावापलीकडे काहीच लिहिलं नाही. अडीच वर्षं त्यांनी मला ताप आला की पेज करून दिली आणि कुणी विचारलं तर ‘आमच्या घरातली आहे’ म्हणून सांगितलं. तेही नियमाला धरून नव्हतं.

आता तुम्ही विचाराल की रोज सोलापूरला जाणारी पोरगी मंद्रूपची कशी धरायची? बाजारातही कुणीतरी विचारेलच. त्याचं उत्तर आमच्या कामात फार आधीपासून आहे. अक्कलकोटहून काही माणसं रोज हद्द ओलांडून कर्नाटकात कामाला जातात. त्यांनी केलेलं काम तिकडच्या हिशेबात धरायचं, कारण ते तिकडे झालं. त्यांनी घरी आणलेला पगार अक्कलकोटच्या माणसांचं उत्पन्न म्हणून धरायचा, कारण ती इथे राहतात. दोन वेगळे तक्ते आहेत आणि माणूस दोन्हीकडे बरोबर बसतो. त्याला कुठलाही एक तक्ता सोडावा लागत नाही. कॉलेजात हे शिकवलं तेव्हा मी ते फक्त उतरवून घेतलं होतं. या आठवड्यात मला ते फार आवडलं.

उद्या साडेपाचच्या गाडीने येते. सामान एक ट्रंक, एक वळकटी, पुस्तकांचं एक खोकं आणि लोणच्याची बरणी. स्टँडावर बैलगाडी आणू नये, तेवढं सामान नाही. निंगप्पाच्या बारकीला मी अजून पाहिलेलं नाही. ती अनोळखी माणसाकडे जाते की रडते, हे मी निंगप्पाला विचारलं. तो म्हणाला, “रडती. पण तू उचलून तर बघ.”

कुंडलिकराव सोमवारी सकाळी सात वाजता फॉर्म घेऊन येतील, म्हणजे मला आठ दहाची गाडी गाठता येईल. मी हजर आहे एवढं त्यांनी बघितलं की पुरे. प्रश्न सुरू झाले की मी ओसरीवर थांबणार नाही, नियम आहे. आत अव्वाजवळ बसून बी पाखडेन. घाणी जरा उशिरा जुंपा, बैल फिरायला लागला की आत काही ऐकू येत नाही.

त्यांनी माणसं किती म्हणून विचारलं की नावं एकेक करून सांगा, घाई करू नका. आणि मोठ्याने सांगा. मला आतपर्यंत ऐकू आलं पाहिजे.

तुमची,
महानंदा